घोड्यांपाशी

दर रविवारी चर्चमधून येऊन जेवणं आटोपली की हारलन कठडा धरून तळघरात उतरायचा, पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा करायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "ड्वेन आहे. मार्लिस आहे. ऑरिन घोड्यांपाशी आहे." मग खेळ सुरू व्हायचा.

मी मार्लिस. हारलन माझा थोरला भाऊ आणि आमच्या खेळाचा सूत्रधार; ड्वेन आणि ऑरिन शाळेपासूनचे दोस्त. खेळ सोपा आहे. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्या पात्राच्या जखमा, कमाई मांडलेला एक कागद. समोर काय दिसतंय ते सूत्रधार सांगतो, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधाराचा फासा आडोशाआड पडतो, इतरांना दिसत नाही. किल्ले, गुहा, ड्रॅगन, सगळं बोलण्यात. टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि ड्वेननं सांडलेली बिअर, एवढंच. विस्कॉन्सिनच्या या टोकाला हिवाळा पाच महिने हलत नाही, तळं गोठून दगड होतं, आणि माणसं एक तर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात नाही तर हे. ज्यांना यातली मजा कळत नाही त्यांना मी समजावत बसत नाही. आठवडाभर शाळेची बस चालवून माझं समजावणं संपलेलं असतं.

आता घोड्यांचं. एखादा खेळाडू आला नाही तर त्याच्या पात्राचं काय करायचं? त्याच्या मागं त्याला मारून टाकणं बरं दिसत नाही. म्हणून ते पात्र बाहेर घोडे राखत थांबलंय असं धरायचं. ड्वेनचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचा ग्रुब, म्हणजे त्याचा कुऱ्हाडवाला बुटका, महिनाभर घोड्यांपाशी होता. ऑरिनचा शिलेदार एडमार मात्र तेरा वर्षं तिथंच उभा होता.

आमच्या टेबलाची आणखी एक रीत आहे. कुणी काही गोलमाल बोललं की हारलन हात वर करून विचारतो, "हे तू बोलतोस की तुझं पात्र?" आणि खरं सांगावंच लागतं. एकदा ड्वेन म्हणाला, "मला त्या घरी परत जायचं नाही, ती बाई डोकं खाते." हारलननं विचारलं, "तू की ग्रुब?" ड्वेननं बिअरचा घोट घेतला, विचार केला आणि म्हणाला, "दोघंही." त्या उन्हाळ्यात त्याचा घटस्फोट झाला.

ऑरिन गेला तो भांडून. आमच्या टोळीनं डोंगरातला एक किल्ला राखायचं काम घेतलं होतं. वाटेत एक फाटा लागला, डावीकडे किल्ला, उजवीकडे घाट आणि घाटापलीकडे समुद्र. ऑरिन म्हणाला, "एडमारला समुद्र बघायचाय. तो उजवीकडे जातो. ज्याला यायचं त्यानं यावं."

"टोळी फुटत नाही," हारलन म्हणाला. हा त्याचा एकुलता एक नियम. टोळी फुटली की सूत्रधारानं दोन गोष्टी सांगायच्या, अर्ध्या लोकांनी जांभया द्यायच्या आणि दोन महिन्यांत टेबल बंद, हे त्यानं इतरांचं पाहिलेलं.

"मग फुटू दे. मी येईन परत."

हारलन कधी 'नाही' म्हणत नाही. तो फक्त वाटेत काहीतरी ठेवतो. घाटातला पूल वाहून गेला. ऑरिन नदीनं निघाला, तर नाव जळाली. दुसरी नाव मिळाली, तर नावाड्याला पटकी झाली. ड्वेन खो खो हसत होता, मीही हसत होते, आणि मग मी ऑरिनचा चेहरा पाहिला.

"हारलन, मी कुठंही वळलो तरी तुझ्याच किल्ल्याच्या दारात उगवतोय," तो म्हणाला. "मग फासा टाकायला माझा हात कशाला हवा? तूच टाक की."

"टोळी आहे म्हणून खेळ आहे, ऑरिन."

"टोळी आहे रे. तुरुंग नाही."

तो फासे एका जुन्या मोज्यात ठेवायचा. ते त्यानं एकेक करून मोज्यात भरले, कोट घातला आणि जिना चढून गेला. बर्फ वितळायच्या आत त्यानं ओरेगॉनच्या किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करायचं काम धरलंसुद्धा. खेळातला समुद्र मिळेना, तेव्हा गडी खऱ्या समुद्राकडे निघाला.

माझा ऑरिनवर जीव होता. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते. तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी बसची काच पुसत होते. "जातोय," म्हणाला. मी "बरं" म्हटलं. तो बराच वेळ बसच्या चाकाकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत राहिले. त्यानं नुसतं "चल" म्हणायचं होतं. पण ऑरिन पडला तत्त्वाचा माणूस. प्रत्येकानं आपलं आपण ठरवावं, दुसऱ्यानं बोटसुद्धा लावू नये. आणि बाईनं आपण होऊन म्हणावं, तर तिचं तोंड शिवलेलं. शेवटी मी म्हटलं, "रस्त्यात बर्फ असेल, सांभाळून." एवढंच बोलता आलं मला.

तेव्हापासून घोडे कुठं बांधायचे ते मी ठरवायला लागले. पुढं ड्रॅगनची गुहा आहे असा नुसता वास आला तरी माझी चोरटी, तिस्का, टोळीला दोन कोस अलीकडेच खाली उतरवायची. ड्वेन वैतागायचा. "अगं, घोडे शेजारच्या राज्यात बांधतेस का? चालून चालून ग्रुबचे पाय झिजले, आधीच बुटका आहे!" मी ऐकायची नाही. घोड्यांपाशी एडमार होता, त्याला ओरखडा येऊन चालणार नव्हतं. कधी ऑरिन परत आला तर त्याला आपला माणूस धड मिळायला हवा.

घोडं कुठं पेंड खातंय ते हारलनला कळत असावं. तो बोलला कधीच नाही. पण खेळ संपताना आडोसा मिटायच्या आधी एक वाक्य टाकायचा. "एडमारनं शेकोटी पेटवली आहे." किंवा, "एडमार खोगीर शिवतोय." त्या एका वाक्यावर माझा पुढचा आठवडा जायचा. मुलं बसमध्ये मागं धिंगाणा घालत असायची आणि मी पुढं बसून ती शेकोटी बघायची.

दोन वर्षांपूर्वी साखरेनं हारलनचे डोळे खाल्ले. माणसं दिसतात, जिना दिसतो, फाशावरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून मी आता आडोशाच्या आत, त्याच्या बाजूला बसते आणि आकडा कानात सांगते. "चोरही तीच, हवालदारही तीच," असं ड्वेन म्हणतो. म्हणू दे. मी नसले तर टेबल चालत नाही, आणि टेबल नसेल तर त्या माणसाला सोमवार ते शनिवार उठायला काही कारण उरत नाही.

या फेब्रुवारीत ऑरिनची आई गेली. शनिवारी दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव आणि बटाट्याचं सॅलड होतं. तिथं ऑरिन कॉफीचा कप धरून उभा होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार देऊन. माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

ड्वेननं खांद्यावर थाप मारून सांत्वन केलं आणि त्याच दमात विचारलं, "परत कधी?"

"सोमवारी सकाळी."

"म्हणजे उद्या दुपारी मोकळा. ये मग. घोडे कंटाळलेत."

"कुठले घोडे?" ऑरिननं विचारलं. ड्वेन दुसरा पाव घ्यायला गेला.

रविवारी तो आला. हातात तोच मोजा. जिना उतरून त्यानं मला आडोशाच्या आत बसलेलं पाहिलं. "मार्लिस, तू पक्ष कधी बदललास?"

"पगार बरा आहे," मी म्हटलं.

हसता हसता त्याची नजर हारलनच्या जाड चष्म्यावर गेली, मग माझ्यापुढच्या फाशांवर, आणि हसणं थांबलं. त्याला समजलं. तो आपल्या जुन्या खुर्चीवर बसला. तिथं आम्ही कुणाला बसू देत नव्हतो, त्यामुळं गादी तशीच टणक राहिली होती.

हारलननं घसा खाकरला. "ड्वेन आहे. मार्लिस आहे." मग थांबला. "ऑरिन आहे," असं म्हणताना त्याचा आवाज फाटला. चीज घशात अडकलं म्हणाला. चीजची वाटी अजून भरलेलीच होती.

ड्वेननं मागची कथा सांगितली. तीन ड्रॅगन, एक लढाई, ग्रुबचं लग्न, ग्रुबची बायको गेली, तिस्काची दोन बोटं सापळ्यात तुटली.

"आणि मी?" ऑरिननं विचारलं.

"तू घोड्यांपाशी."

"तेरा वर्षं?"

"घोडे चांगले आहेत," ड्वेन म्हणाला. "टुणटुणीत."

ऑरिन इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यानं एडमारचा कागद हातात घेतला. जसा ठेवून गेला होता तसाच होता, एक जखम नाही, एक कमाई नाही. त्याचं हसू ओसरलं. "आत न्यायचंत ना रे मला," तो हळू म्हणाला. "मेला असता तर मेला असता."

"मी नेऊ दिलं नाही," मी म्हटलं.

"तू?"

"हो, मी. मेला असता तर तू कशासाठी आला असतास?"

ड्वेननं बिअरचं लेबल सोलायला घेतलं. मी इतकी वर्षं एडमारला जपत होते, आणि ऑरिनच्या लेखी मी त्याला कोंडून ठेवलं होतं. हारलननं पूल वाहून नेले, मी घोडे बांधून ठेवले. शेवटी आम्ही दोघं एकाच आईची लेकरं.

"ठीक आहे," ऑरिन म्हणाला. "एडमार घोड्यावर बसतो. फाट्यावर येतो. उजवीकडे वळतो."

तोच फाटा, तोच घाट. हारलन म्हणाला, "घाटात बर्फ आहे. दरड कोसळली असेल तर वाट बंद. दहाच्या वर पडलं तर मोकळी." आणि त्यानं आडोशाच्या आत फासा टाकला.

मी वाकून बघितलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "दोन."

"किती?"

"दोन, हारलन."

वाट बंद. मी आनंदले हे कबूल करते. वाट बंद म्हणजे एडमार आमच्यात. ऑरिन आईचं घर विकायला परत येणार होताच, तेव्हा त्याला या टेबलावरही यावं लागेल, मग आणखी एकदा, मग कदाचित वसंतात. एवढं सगळं माझ्या मनात एका दमात येऊन गेलं. आणि हारलन फाशाच्या बाबतीत कधी खोटं बोललेला नाही. पूल-नावा त्याच्या मनच्या असतील, पण पडलेला आकडा त्याला देवाचा शब्द.

हारलननं चाचपडत फासा शोधला आणि त्यावर पंजा ठेवला. "घाट मोकळा आहे," तो म्हणाला.

मग तो वाट सांगायला लागला. हारलन जन्मात या राज्याबाहेर गेलेला नाही, पण त्यानं उतार सांगितला, पाइनचा वास सांगितला, वारा खारा होत जातो ते सांगितलं. एक पूल आला, तो धड होता. एक नदी आली, तिच्यात नाव होती, नावाडी ठणठणीत होता. "आणि मग समुद्र," हारलन म्हणाला. "आपल्या तळ्यासारखाच. फक्त पलीकडचा किनारा काढून टाकलेला." वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. पण ऑरिन हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होता, शाळेत असताना ऐकायचा तसा.

"टोळी फुटत नाही ना पण?" ड्वेननं हळूच विचारलं.

"फुटते कधीकधी," हारलन म्हणाला.

ऑरिन मोज्याची गाठ सोडत होता, बांधत होता. "एडमार लगेच जात नाही," तो म्हणाला. "घाटाच्या तोंडाशी थांबतो. मागं वळून तिस्काकडे बघतो. आणि तिला म्हणतो, चल."

तेरा वर्षं मी ज्याची वाट बघितली तो शब्द माझ्यासमोर टेबलावर होता. आणि हारलननं सवयीनं हात वर केला. "हे तू बोलतोस की एडमार?"

कोपऱ्यात घर तापवणारी भट्टी घरघरत होती. ऑरिननं माझ्याकडे बघितलं, हारलनच्या चष्म्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

"एडमार," तो म्हणाला.

त्या क्षणी मला हारलनचा, त्याच्या रीतीचा आणि त्या वर केलेल्या हाताचा असा राग आला की टेबल उलथावं. पण मी म्हटलं, "येते. तिस्का येते."

हारलन माझ्याकडे वळला. "हे तू—" त्यानं सुरुवात केली आणि मध्येच थांबला. हात खाली घेतला. "तिस्का घोड्यावर बसते," तो म्हणाला.

पात्र टेबल सोडून गेलं की त्याचा कागद त्याच्याबरोबर जातो. मी तिस्काचा कागद ऑरिनला दिला. खोडून खोडून भोकं पडली होती त्याला. त्यानं तो एडमारच्या कागदावर ठेवला, दोन्हींची एकच घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवली.

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले, तशीच, घरातल्या सपाता घालून. अजून उजेड होता. तळ्यावर मासेवाल्यांच्या खोपटांतून धूर निघत होता. मी त्याच्या गाडीची काच बाहीनं पुसायला लागले, कारण हात कुठं ठेवायचे ते कळेना.

"तेव्हा मला 'चल' का म्हणाला नाहीस?" मी विचारलं.

"तुला धरून ठेवणारे होतेच. त्यात ओढणारा आणखी एक कशाला, म्हटलं. तुझं तू ठरवावंस."

"तुझं ते स्वातंत्र्य घाल चुलीत!" मी म्हटलं. "मला ओढणारा हवा होता, गाढवा. एकदा तरी."

तो हसला नाही. किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिला. "आत मी खोटं बोललो, मार्लिस. एडमारनं नाही विचारलं. मी विचारलं."

आमच्या तळघराची खिडकी जमिनीलगत आहे. तिच्यातून टेबल दिसतं. ड्वेन बहुतेक बाथरूममध्ये गेला होता. हारलन एकटाच टेबलावर हात फिरवत फासे गोळा करत होता. एक अगदी कडेला, बाटलीच्या मागं राहिला होता. त्याचा हात तिथवर यायचा आणि परत फिरायचा. मी बघत उभी राहिले. त्याला तो सापडला नाही.

"मग मीही खरं सांगते," मी म्हटलं. "आत 'येते' म्हणाली ती तिस्का. मी नव्हे."

हे खोटं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी त्या गाडीला टेकून बोलले. त्यानं आणखी एकदा विचारलं असतं ना, नुसतं "नक्की?" म्हटलं असतं, तरी मी सपातांसकट गाडीत बसले असते. पण ऑरिन तो ऑरिनच. कुणी 'नाही' म्हटलं की ते नाहीच, पुन्हा विचारणं म्हणजे ढकलणं. त्यानं माझ्या ओल्या बाहीला हात लावला आणि मान हलवली.

"बरं," तो म्हणाला.

"रस्त्यात बर्फ असेल," मी म्हटलं. "सांभाळून."

पुढच्या रविवारी हारलन कठडा धरून तळघरात उतरला, आडोसा उभा केला, खाली बसला. माझ्यापुढं कोरा कागद होता. आठवडाभर तो घेऊन बसले होते, पण नवीन नावच सुचत नव्हतं.

"तू गेली असतीस," हारलन एकदम म्हणाला, "तर माझं काही अडलं नसतं."

"फासे कुणी वाचले असते? हा ड्वेन? त्याला सहा आणि नऊ सारखेच."

"सहाच्या खाली रेघ असते," ड्वेन म्हणाला. "मला येतं वाचता." पण तो माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि त्यानं चीजची वाटी हळूच माझ्या बाजूला सरकवली.

हारलननं घसा खाकरला. "ड्वेन आहे," तो म्हणाला. मग अधू डोळ्यांनी माझ्या कोऱ्या कागदाकडे बघितलं. "मार्लिस घोड्यांपाशी आहे. तिनं शेकोटी पेटवली आहे."

"दोन घोडे कमी आहेत," मी म्हटलं.

"असू दे," हारलन म्हणाला. "त्यांना लांब जायचंय."